झरनेर: नसलेल्या राजधानीच्या नकाशाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

काम अंगावर आलं. आमचा रविवारचा खेळ म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि काल्पनिक जगातली गोष्ट बोलून, फासे टाकून पुढे न्यायची. वर्षभर तो खेड्यापाड्यांतून नि घाटवाटांतून फिरतोय. पाच खेळाडू, फाशांचा डबा, एक वही आणि ते जग रचणारी मास्तरीण म्हणून मी. आता पात्रं राजधानीत शिरणार आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून राजधानीच्या वेशीत पाऊल टाकायचं, हे बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दसरा १२ ऑक्टोबरला. म्हणजे चार महिने दहा दिवस. लागणार काय: ए-वन कागदावर नकाशा, पेठांची यादी, आणि पात्रं कुठल्याही बोळात घुसली तरी माझं ततपप होणार नाही एवढी माहिती.

नाव सुचलं ते लगेच ग्रुपवर टाकलं: वज्रपुरी. धाकट्या भावाचं उत्तर आलं, "ताई, ही राजधानी आहे की टू बीएचकेची स्कीम?" नाव रद्द.

९ जून

नावावर अख्खा रविवार गेला. संगमनेर, पारनेर, अंमळनेर ही नावं मोठ्याने म्हणत बसले. ती कानाला गुळगुळीत लागतात, कारण कितीतरी पिढ्यांनी बोलून बोलून झिजवलीत. मला असंच वापरलेलं नाव हवं होतं. डोंगराच्या पोटात झरा आहे, म्हणून झरनेर. राजवाड्यावरच्या शिलालेखात 'निर्झरनगर', भाजीवालीच्या तोंडी झरनेर. दोन्ही ठेवणार. कोण कुठलं नाव वापरतं त्यावरून माणूस कुठल्या पेठेतला ते कळेल.

जमीन दख्खनची. काळा दगड, पावसाळ्यात फुगणारे आणि माघानंतर आटणारे ओढे. दुसऱ्या कुठल्या भूगोलाचा मला पायांनी अनुभव नाही. आकाशात दोन चंद्र आहेत, ते खेळाच्या पहिल्या दिवसापासून आहेत, आता काढता येत नाहीत. भरती-ओहोटीचं समुद्र आला की बघू.

१६ जून

पहिला नकाशा झाला. टेकडीवर राजवाडा, सात वेशी, दक्षिणेला तलाव, तिथून थेट राजवाड्याच्या कारंज्यापर्यंत निळी रेघ, आणि शहराभोवती गर्द जंगल. लोकसंख्या साठ हजार. फार सुंदर दिसतोय. फोटो काढून ठेवला.

२३ जून

फोटो काकांना दाखवला. काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत. आमच्या खेळाला ते 'पत्त्यांचा सुशिक्षित प्रकार' म्हणतात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन मिनिटं नकाशा बघितला आणि विचारलं, "अगं, तलाव कुठल्या उंचीवर?"

"पाचशे साठ मीटर."

"आणि वाडा?"

पाचशे पंच्याऐंशी. मीच वहीत लिहिलं होतं. ऑफिसात दिवसभर मी ड्रेनेजच्या ड्रॉइंगवर चेंबरचे इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या तळाची उंची, तपासते, पाच सेंटिमीटर चुकलं तर कंत्राटदाराला फोन करते. आणि घरी येऊन पाणी पंचवीस मीटर चढावर चढवून ठेवलं.

भाऊ म्हणाला, "एवढं काय त्यात, मांत्रिक आहेत की. मंत्र म्हणून चढवतील."

यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. माझा मुद्दा असा: मंत्राने पाणी चढत असेल तर हौद नको, पखालवाले नकोत, हौदावरची भांडणं नकोत, पाण्यासाठी कोणी कोणाच्या पाया पडायला नको. मग साठ हजार लोक त्या गावात दिवसभर करतात तरी काय? शहर म्हणजे नाटकाचा मागचा पडदा होऊन बसेल. शेवटी नियम ठरला आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने गेला: मांत्रिकाचं ऐकतात ते आग आणि वारा. पाणी कोणाचंच ऐकत नाही. ते उताराने जातं.

३० जून

मग वाडा खाली आणायचा की तलाव वर न्यायचा? काका म्हणाले, "पुण्यात राहतेस ना? डोळे उघडे ठेवून चाल."

खरं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला बंधारे घालून तिथून नळ बांधला. आठेक किलोमीटर, जमिनीखालून, नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत. वाटेत हौद: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद. फडके हौद चौकातून मी शेकडो वेळा गेले असेन, नावातल्या हौदाकडे कधी लक्षच गेलं नाही. नळावर मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेले आहेत, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडायला दगडविटांचे मनोरे. शब्द किती नेमका आहे. नळ श्वास सोडतो.

आणि यातली गोम आज लक्षात आली. शनिवारवाडा टेकडीवर नाहीच. तो मुठेकाठच्या सखलात आहे. म्हणून तर कात्रजचं पाणी तिथे जोराने येतं आणि हजारी कारंजं उडतं. राजवाडा म्हटला की माझा हात आपोआप टेकडीकडे गेला होता.

याच्या उलट रायगड. राजधानी डोंगराच्या माथ्यावर, वरून पाणी आणायला काही नाही. म्हणजे जे आभाळातून पडेल ते साठवायचं: गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, शिवाय खोदलेली टाकी. त्यातही हत्ती तलाव गळका म्हणूनच प्रसिद्ध. किल्ला अभेद्य, पण तिथे किती माणसं राहतील ते पावसाने भरलेली टाकी ठरवणार.

यातून झरनेरला न मागता इतिहास मिळाला. जुनी राजधानी टेकडीवरच्या किल्ल्यात, टाक्यांच्या पाण्यावर. माणसं वाढली, मोठं टाकं गळायला लागलं, दोन उन्हाळे कसेबसे काढले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात दरबार खाली उतरला. टेकडीवर आता तुरुंग, दारूगोळा आणि एक हट्टी म्हातारी राणी, जी खाली यायला तयार नाही. राणी भावाची कल्पना. चांगली आहे, त्याला तसं सांगितलं नाही.

७ जुलै

आज नुसता हिशेब. काका खुर्चीत, मी कॅल्क्युलेटर घेऊन.

नळ दोन फूट रुंद, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. पाण्याची खोली ५०. उतार किलोमीटरला पाऊण मीटर, आठ किलोमीटरला सहा मीटर. एवढ्या उतारावर दगडी नळातून पाणी सेकंदाला अर्धा मीटर तरी धावतं. म्हणजे सेकंदाला दीडशे लिटर, दिवसाला एक कोटी तीस लाखांच्या आसपास. साठ हजारांत वाटलं तर माणशी २१६ लिटर.

काका हसायलाच लागले. "अगं, आजच्या शहराला माणशी १३५ लिटर धरतात. तुझ्या झरनेरात काय शॉवर आहेत का?"

हे झालं पावसाळ्याचं. चैत्रात झरा एक षष्ठांशावर येतो असं धरलं. माणशी ३६ लिटर. त्यातून राजवाड्याचा वाटा जायचा. माझा संशय हत्तींवर होता. शंभर हत्ती, एकाला दिवसाला दोनशे लिटर धरले तरी वीस हजार लिटर. उन्हाळ्यातल्या साडेएकवीस लाखांत ते एक टक्काही नाही. हत्ती निर्दोष सुटले. गुन्हेगार निघाली बाग. उन्हाळ्यात एका एकराला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर वीस हजार लिटर लागतं. म्हणजे बागेचा एक एकर पितो तेवढ्यात शंभर हत्ती भागतात. आणि मी पहिल्या नकाशात राजवाड्याला ऐटीत पन्नास एकरांची बाग दिली होती. दहा लाख लिटर. चैत्रात अर्धं पाणी गुलाबांना.

गावाच्या वाट्याला माणशी उरतं साधारण एक हंडा. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, जनावर, सगळं त्यात.

बाग कमी करणार होते. मग वाटलं, कशाला? हीच तर गोष्ट आहे. बाग ठेवली.

२१ जुलै

छत्रपती संभाजीनगरला आतेभावाकडे गेले होते, पाणचक्की बघून आले. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितली होती तेव्हा फक्त वडाचं झाड आठवणीत राहिलं होतं. वड अजून आहे, प्रचंड.

या वेळी एक तास नुसती पाणी बघत उभी राहिले. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळाने येतं, उंच बांधलेल्या भिंतीतून वर चढतं आणि तिथून हौदात पडतं. चढतं, हो! पण जिथून निघालं त्या पातळीच्या वर नाही. खाली गेलेलं पाणी बंद नळातून आपल्या मूळ उंचीच्या जवळपास परत येतं, हे मी कॉलेजात शिकले होते. इथे ते तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीत दिसलं. त्या पडत्या पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. हौदाखाली मोठं दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या, आत गारवा. भिंतीला हात लावला तर ओलसर थंड. आतेभाऊ म्हणाला, "एसी बसवायला कोणी आलं नव्हतं बघ."

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच आजचं संभाजीनगर, वसवली आणि पाठोपाठ शहरासाठी नहर खणली. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. तिकडे बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमाराला कुंडी भंडारा झाला. तिथे तर तलावही नाही, सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी गोळा करून शहरात आणलं, आणि वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या. हे दोन्ही झरनेरला हवंय. पण एका शहराला तीन पाणीयोजना म्हणजे हव्यास. दालन घेतलं, बाकी सोडलं. झरनेरच्या कोतवालीवर हौद आहे आणि उन्हाळ्यात सगळे फिर्यादी तक्रार नसली तरी आत येऊन बसतात.

४ ऑगस्ट

जंगल खोडलं. वाईट वाटलं, झाडं एकेक करून काढली होती.

माणशी रोज अर्धा किलो धान्य. साठ हजारांना तीस टन. लमाणांच्या बैलाच्या पाठीवर अडीच मण, म्हणजे शंभरेक किलो. रोज तीनशे बैल वेशीतून आत यायला हवेत, पाडव्याला आणि अमावास्येलासुद्धा. वर्षाला अकरा हजार टन. कोरडवाहू ज्वारी हेक्टरी पाच क्विंटल धरली तर बावीस हजार हेक्टर नुसतं शहराच्या पोटासाठी, पिकवणाऱ्यांचं पोट आणि बियाणं वेगळंच. म्हणजे वेशीबाहेर दोन-तीन तास चाललं तरी दोन्ही बाजूंना ज्वारीच दिसली पाहिजे. जंगल गेलं डोंगराच्या मागे. तिथे राहणारे आमचे वाघ आणि एक ब्रह्मराक्षस यांनाही स्थलांतरित व्हावं लागलं.

तीनशे बैल येतात म्हणजे तीनशे बैल रिकामे परत जातात का? नाही, मीठ, कापड, भांडी घेऊन जातात. इथे देवगिरी आठवली. १२९६ च्या वेढ्यात किल्ल्यात धान्य समजून भरलेली पोती उघडली तर मीठ निघालं, ही गोष्ट शाळेपासून ऐकत आलोय. झरनेरच्या कोठारात मी काही पोत्यांवर पेन्सिलने लहानशी फुली मारून ठेवली आहे. खेळाडूंना सांगितलेलं नाही.

रायगडच्या बाजारपेठेची उंच जोती बघून पेठेलाही तशीच जोती दिली. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती उंच, असं तिथे सांगतात. मला कोकणातल्या पावसाचं कारण जास्त पटतं. झरनेरात घोडेस्वार आपलं कारण सांगतील, दुकानदार आपलं.

२५ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार.

खेळातली एक मैत्रीण, माझ्याच ऑफिसातली, हिचं पात्र पखाली शिवतं. वर्षभर ती हे पात्र खेळतेय, कातडं कमावण्यापासून शिवणीच्या टाक्यांना चरबी लावण्यापर्यंत सगळं तिने शिकून घेतलंय. आज तिने नकाशावर बोट ठेवलं. "बारा हौद काढलेस. माझं पात्र कुठल्या हौदावर पाणी भरणार?"

मी म्हटलं, कुठल्याही.

"असं होतं का कुठे?"

गप्प बसले. नहर, नळ, उच्छ्वास, उतार, सगळं कौतुकाने काढत होते. पुण्याच्या ज्या हौदांची नावं मी ३० जूनला हौसेने लिहिली, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. खुला करावा लागला, यातच बाकीच्या हौदांचं काय ते आलं. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं. तळं नगरपालिकेच्या ठरावाने आधीच सगळ्यांना खुलं झालेलं असूनही.

भाऊ म्हणाला, "आपलं काल्पनिक जग आहे ना? तिथे नकोच ते. निदान तिथे तरी नको." त्याचंही म्हणणं मनापासूनचं होतं. मला आधी तेच पटलं. मैत्रीण म्हणाली, "मग माझं पात्र शहरात आल्यावर करणार काय? वर्षभर गावाबाहेर राहिलंय, ते काय हौसेने?"

दोन तास बोललो. फासे डब्यातच राहिले. ठरलं ते असं: झरनेरात आपल्याकडच्या जाती उचलून ठेवायच्या नाहीत, पण हौदाच्या पायऱ्या ठेवायच्या. नळाचं पाणी पहिल्या हौदात येतं, तो भरला की सांडीवरून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. कुठल्या हौदावर कोणी यायचं हे पाटीवर लिहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. कातडं, राख, मैला आणि प्रेतं ज्यांच्या हातून जातात ते बाराव्यावर. चैत्रात बाराव्यापर्यंत पाणी पोचत नाही. आणि राजवाड्यात ज्या पखालींतून पाणी शिंपडतात त्या बाराव्या हौदावरच्या हातांनी शिवलेल्या असतात.

बारावा हौद मी आधी नकाशाच्या कोपऱ्यात, दिशांच्या चक्राखाली काढला होता. जागा उरली होती म्हणून. चक्र हलवलं.

८ सप्टेंबर

गणपती. काम शून्य. मोदक एकवीस.

२२ सप्टेंबर

पेठांची नावं. पुण्यासारखी वारांची ठेवावीत असं वाटलं, पण दोन चंद्रांमुळे आमचा आठवडा नऊ दिवसांचा आहे आणि दोन वारांना मी अजून नावंच दिलेली नाहीत. तेव्हा धंद्यावरून: तांबट आळी, बुरूड आळी, रंगारी पेठ, मीठगल्ली. मांत्रिकांच्या आळीला आग लागण्याचा धोका जास्त, म्हणून ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि पाचव्या हौदाला लागून.

५ ऑक्टोबर

छापायला दिला. दुकानदाराने ए-वनवर 'पानात बसवा' दाबून दिला. कागदावर सुरेख, पण खाली मी लिहिलेलं 'एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर' खोटं ठरलं, सगळं शहर सहा टक्क्यांनी आकसलं. वाद घातला, त्याने पैसे परत दिले नाहीत. म्हणाला, "मॅडम, हे गाव कुठे आहे? कोण मोजायला जाणार?"

काका जाणार, हे त्याला कसं सांगू. आकड्याऐवजी मापाची रेषा, म्हणजे पट्टी, काढली असती तर तीही बरोबर आकसली असती, हे रात्री सुचलं. दुसऱ्या दुकानातून पुन्हा छापला, या वेळी पट्टीसकट.

१२ ऑक्टोबर, दसरा

सगळे आले. काकासुद्धा, 'नुसतं बघायला'. भावाने आपट्याची पानं वाटली, वेशीवर पात्रांनीही एकमेकांना सोनं दिलं. नकाशा उघडला तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही. चार महिन्यांचं काम वसूल झालं.

मग माझी सगळी तयारी वाया जायला लागली. राजवाड्याकडे कोणी गेलं नाही. टांकसाळ, कोतवाली, हट्टी राणी, कोणीच नाही. मीठगल्लीवरून गेले आणि एकालाही फुली दिसली नाही. मैत्रिणीचं पात्र सरळ बाराव्या हौदावर गेलं. आश्विन असूनही पाणी गुडघाभर. तिने हौदावरच्या बायकांना विचारलं, पाऊस तर चांगला झाला, मग पाणी कुठे अडतं? त्या हसल्या आणि राजवाड्याच्या बागेकडे मान हलवली.

तिने नकाशावर वाकून एक बारीकसं वर्तुळ दाखवलं. बागेच्या भिंतीबाहेरचा उच्छ्वास. "हा आतून किती रुंद आहे?"

मी वही चाळली. उच्छ्वास तीन फूट. खाली नळ दोन फूट.

"मी आत उतरते."

"दोन फुटांत?" भाऊ म्हणाला.

"शिरता येईल," काका मागून म्हणाले. ते कधी खुर्ची ओढून टेबलाशी आले ते कळलंच नाही. "गाळ काढायला माणसं जातातच नळात. पण दोन फुटांत वळता येत नाही. पुढचा उच्छ्वास किती लांब?"

"तीनशे पावलं."

"आणि वरचं छत किती उंच ठेवलंयस?"

तिने फासा टाकला. वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस. शिरली. पाणी मांडीपर्यंत, अंधार, समोर नळ आणि वर छत, ज्याची उंची चार महिन्यांच्या एकाही नोंदीत मी लिहिलेली नाही. म्हटलं, आज इथेच थांबू, श्रीखंड गरम होतंय.

पुढच्या रविवारपर्यंतचं काम: नळाचा उभा छेद, उच्छ्वासापासून बागेपर्यंत. काका गुरुवारी ट्रेसिंग पेपर घेऊन येणार आहेत. त्यांना पात्र काय घ्यायचं तेही विचारायचंय.